सहा गुंजा वस्तुमान आणि दोन शहरं

सोनाराच्या जुन्या हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, तेव्हा मासा भरतो एका ग्रॅमपेक्षा किंचित कमी. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर जो अणुबॉम्ब टाकला गेला, त्यात ऊर्जेत रूपांतर झालेलं वस्तुमान होतं सुमारे ०.७ ग्रॅम. मासाभरही नाही, जेमतेम सहा गुंजा. एखाद्या नथीत याहून जास्त सोनं असतं. त्या सहा गुंजांनी एक शहर नेलं, आणि वर्ष संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं.

हे ऐकलं की बहुतेकांना आइन्स्टाइन आठवतो. त्याने १९०५ साली वस्तुमान आणि ऊर्जेचं सूत्र मांडलं आणि त्यातून बॉम्ब निघाला, अशी समजूत घट्ट बसली आहे. पण ते सूत्र फक्त एवढंच सांगतं की अमुक वस्तुमानात अमुक ऊर्जा दडलेली आहे. ती बाहेर कशी काढायची, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. लाकडाच्या मोळीत किती उष्णता आहे हे कागदावर मांडणं वेगळं आणि चूल पेटवणं वेगळं. हिरोशिमाच्या त्या सहा गुंजा बाहेर काढायला ६४ किलो युरेनियम लागलं. ते युरेनियम आणि त्याच्या जोडीचं प्लुटोनियम मिळवायला नवी गावं वसवावी लागली, ऐन भरात सव्वा लाखाच्या आसपास माणसं राबली आणि सुमारे २०० कोटी डॉलर खर्च झाले. अणुबॉम्ब हे एका प्रज्ञावंताचं काम नव्हतं. तो कारखान्यात तयार झाला, आणि म्हणूनच त्याची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

सुरुवात बर्लिनमधली. डिसेंबर १९३८ मध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान हे रसायनशास्त्रज्ञ युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करत होते. नंतर तपासलं तर त्यात बेरियम सापडलं. युरेनियम हे निसर्गातल्या सगळ्यात जड मूलद्रव्यांपैकी एक, आणि बेरियम वजनाने जवळजवळ त्याच्या निम्मं. एवढा मोठा तुकडा आला कुठून, हे हानला उमगेना. त्याने विचारलं आपल्या जुन्या सहकारी लीझ माइट्नर यांना. माइट्नरबाई ज्यू कुळातल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये नाझींच्या तावडीतून निसटून त्या स्वीडनला पोहोचल्या होत्या. नाताळात त्यांचा भाचा ओटो फ्रिश भेटायला आला. तोही भौतिकशास्त्रज्ञच. दोघं बर्फातून फिरायला निघाले, वाटेत एका ओंडक्यावर बसले आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर हिशेब केला.

त्यांना दिसलं ते असं. अणूच्या मध्यभागी असलेलं केंद्र हे पाण्याच्या थेंबासारखं समजा. युरेनियमचा थेंब इतका मोठा की तो मुळातच डळमळीत. त्यात एक न्यूट्रॉन शिरला की तो लांबतो, मध्ये बारीक होतो आणि तुटून त्याचे दोन थेंब होतात. तुटलेल्या भागांचं एकत्र वजन मूळ वजनापेक्षा थोडं कमी भरतं, प्रोटॉनच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश इतकं. आइन्स्टाइनचं सूत्र लागतं ते इथे, या हरवलेल्या वजनाची किंमत काढायला. कोळशाचा एक अणू जळताना जेवढी ऊर्जा देतो, त्याच्या सुमारे पाच कोटी पट ऊर्जा युरेनियमचा एक अणू फुटताना देतो. हा हिशेब ज्यांनी पहिल्यांदा मांडला, त्या माइट्नरबाईंना पुढे बॉम्बच्या कामात येण्याचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी स्वच्छ नकार दिला. १९४४ चं नोबेल मात्र एकट्या हानला मिळालं. ही गोष्ट मला आजही खटकते.

पण एक अणू फुटला म्हणून काय होणार? त्याने धुळीचा कणही धड हलणार नाही. खरी गोम पुढे आहे. अणू फुटतो तेव्हा त्यातून सरासरी दोन-अडीच नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांनी शेजारचे दोन अणू फोडले, त्या दोनांनी चार, चारांनी आठ, अशी साखळी लागली तर? ही कल्पना लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाला लंडनमध्ये १९३३ सालीच सुचली होती. असा फुटणारा अणू कुठला, एवढंच तेव्हा माहीत नव्हतं. आता ते कळलं होतं. एकाचे दोन, दोनाचे चार असं ऐंशीएक वेळा झालं की किलोभर युरेनियम फुटतं, आणि या सगळ्या पायऱ्या सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात उरकतात. दुपटीचा स्वभावच असा की जवळपास सगळी ऊर्जा शेवटच्या चार-पाच पायऱ्यांत बाहेर पडते.

मग जमिनीतलं युरेनियम आपोआप का पेटत नाही? दोन कारणं. एक चुलीपाशी बसणाऱ्या कुणालाही कळेल. एकटं लाकूड पेटवून बाजूला ठेवलं तर ते धुमसतं आणि विझतं, कारण त्याची धग चहूकडे निघून जाते. तीन-चार लाकडं जवळ सारली की एकमेकांची धग धरून ती भडकतात. युरेनियमचा गोळा लहान असेल तर बहुतेक न्यूट्रॉन दुसरा अणू गाठण्याआधीच पृष्ठभागातून निसटतात. गोळा ठरावीक आकाराचा झाला की पळणाऱ्यांपेक्षा लागणारे जास्त होतात. या मर्यादेला क्रांतिक वस्तुमान म्हणतात.

दुसरं कारण जास्त अवघड. निसर्गातल्या युरेनियमचे मुख्य प्रकार दोन, युरेनियम-२३८ आणि युरेनियम-२३५. साखळी लावतो तो २३५, आणि त्याचं प्रमाण अवघं ०.७ टक्के. उरलेला २३८ न्यूट्रॉन गिळून बसतो. दोघांचे रासायनिक गुण तंतोतंत सारखे, त्यामुळे कुठल्याही आम्लात टाकून त्यांना वेगळं करता येत नाही. फरक फक्त वजनाचा, तोही सव्वा टक्क्याच्या आसपास. सुपात धान्य पाखडताना टरफल उडतं आणि दाणा राहतो, कारण दोघांत फरक मोठा. इथे दाण्यातूनच दाणा पाखडायचा, केसभर हलका असलेला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या बांधल्या त्या असं अगदी थोडंसं पाखडलेलं युरेनियम वापरण्यासाठी, त्यात २३५ चं प्रमाण अवघं दोन-तीन टक्के असतं. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये ते सरासरी ऐंशी टक्के होतं.

ऑगस्ट १९३९ मध्ये झिलार्डने मसुदा केला, आइन्स्टाइनने सही केली आणि अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना पत्र गेलं: असा बॉम्ब शक्य दिसतो, जर्मनीही त्याच्या मागे असेल. आइन्स्टाइनचा प्रत्यक्ष वाटा जवळपास इथेच संपतो. त्या पत्राने समिती नेमली गेली, पण वेग आला नाही. वेग आला तो इंग्लंडमधून. मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅमला तोच ओटो फ्रिश आणि रूडॉल्फ पायर्ल्स या दोन निर्वासितांनी हिशेब केला की शुद्ध युरेनियम-२३५ टनांनी लागणार नाही, किलोंनी भागेल. विमानातून नेता येण्यासारखा बॉम्ब! याच टिपणात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती: असं शस्त्र वापरलं तर सामान्य नागरिक मोठ्या संख्येने मरतील, आणि एवढ्यासाठीच ते आपल्या देशाला वापरण्याजोगं वाटणार नाही. बॉम्बच्या अगदी पहिल्या व्यावहारिक कागदावर हा इशारा आहे, हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. पुढे कुणी म्हणू नये की आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

१९४२ च्या उत्तरार्धात हे काम अमेरिकी लष्कराच्या हाती गेलं. नाव ठेवलं मॅनहॅटन प्रकल्प, प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज. टेनेसी राज्यात ओक रिज नावाचं गाव शून्यातून उभं राहिलं आणि १९४५ पर्यंत तिथली वस्ती ७५,००० वर गेली. नकाशावर ते नव्हतं. पाखडण्याच्या तीन-तीन रीती तिथे एकदम चालू होत्या, कारण कुठली साधेल याची खात्री नव्हती. त्यातली एक प्रचंड विद्युतचुंबकांची. युरेनियमचे विद्युतभारित कण चुंबकाच्या क्षेत्रातून वळवले की हलका कण किंचित जास्त वळतो, त्याला वेगळ्या खाचेत झेलायचं. चुंबकांच्या वेटोळ्यांना तांबं हवं होतं, पण युद्धात तांब्याची टंचाई. चांदीतून वीज तितकीच छान वाहते. मग लष्कराचा अधिकारी अमेरिकेच्या खजिन्याकडे हजारो टन चांदी उसनी मागायला गेला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याला सुनावलं, आमच्याकडे चांदी टनांत मोजत नाहीत, ट्रॉय औंसांत मोजतात. शेवटी तेरा हजार टनांहून जास्त चांदी गेली, तिची वेटोळी झाली, आणि युद्धानंतर ती जवळजवळ सगळी परत आली. या यंत्रांपुढे बसून काटे सांभाळायला आसपासच्या गावांतल्या तरुण मुली होत्या, नुकत्या शाळा संपवलेल्या. काटा अमुक रेषेच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं. आपण काय बनवत होतो हे त्यांना कळलं ते हिरोशिमाची बातमी आल्यावर.

आणि हे युरेनियम आलं कुठून? बरंचसं आफ्रिकेतून, तेव्हाच्या बेल्जियन काँगोमधल्या शिंकोलोब्वे खाणीतून. इतकं कसदार खनिज जगात दुसरीकडे सापडत नव्हतं. काँगोच्या मजुरांनी ते उपसलं, पोत्यांत भरलं आणि जहाजांवर चढवलं. बॉम्बच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं पानोपानी आहेत, या मजुरांपैकी एकाचंही क्वचितच सापडतं.

बॉम्बकडे जाणारा दुसरा रस्ता प्लुटोनियमचा. युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळतो असं वर म्हटलं. तो गिळल्यावर टप्प्याटप्प्याने त्याचं प्लुटोनियम होतं, आणि ते २३५ सारखंच फुटतं. शिवाय ते वेगळं मूलद्रव्य असल्यामुळे रसायनं वापरून वेगळं काढता येतं. पण त्यासाठी आधी संथ, ताब्यात असलेली साखळी हवी, म्हणजेच अणुभट्टी. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फर्मीने ती चालवून दाखवली. ग्रॅफाइटच्या चाळीस हजारांहून अधिक ठोकळ्यांची रास, मधून मधून युरेनियम, आणि न्यूट्रॉन शोषून घेणारे कॅडमियमचे दांडे. दांडे हळूहळू बाहेर काढले तशी साखळी सुरू झाली. मिळालेली शक्ती अर्धा वॅट, एक दिवाही धड लागला नसता. पण माणसाने पेटवलेली ही पहिली अणुचूल. (आपल्याकडची पहिली, ट्रॉम्बेची ‘अप्सरा’, ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली.)

मग वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी, हॅनफर्डला, राहत्या लोकांना उठवून मोठ्या भट्ट्या बांधल्या. सप्टेंबर १९४४ मध्ये पहिली सुरू झाली आणि काही तासांनी आपोआप मंदावत बंद पडली. थोड्या वेळाने पुन्हा चालली, पुन्हा विझली. कारण निघालं झेनॉन. अणू फुटल्यावर जे पदार्थ तयार होतात त्यांतला हा वायू न्यूट्रॉन अधाशासारखे गिळत होता. शास्त्रज्ञांच्या हिशेबात तो नव्हता. पण भट्टी बांधणाऱ्या ड्यूपाँट कंपनीच्या अभियंत्यांनी सावधगिरी म्हणून गरजेपेक्षा पाचशे जास्त नळ्यांची सोय ठेवली होती. त्या युरेनियमने भरल्या आणि भट्टी चालू राहिली. शास्त्रज्ञांना तेव्हा तो वायफळ खर्च वाटला होता.

बॉम्ब जुळवायचा होता न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसच्या पठारावर. संचालक रॉबर्ट ओपेनहायमर. सगळ्या गावाला पत्ता एकच, पोस्टपेटी क्रमांक १६६३. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावरही तोच. युरेनियमच्या बॉम्बची कल्पना सोपी होती: दोन तुकडे, एकेकटे क्रांतिक मर्यादेच्या आत, आणि तोफेच्या नळीत एक दुसऱ्यावर झाडायचा. प्लुटोनियमलाही हीच युक्ती लावायचं ठरलं होतं. पण १९४४ च्या उन्हाळ्यात कळलं की भट्टीतून येणारं प्लुटोनियम उतावळं आहे. त्यातले काही अणू कुणी न डिवचता आपोआप फुटतात, म्हणून दोन तुकडे पुरते जवळ येण्याआधीच साखळी लागेल आणि बॉम्ब फुसका निघेल. तोफेपेक्षा वेगवान काहीतरी हवं होतं. उपाय निघाला तो गोळा चहूबाजूंनी एकदम दाबून घट्ट करण्याचा. ऐकायला सोपं, पण ओल्या पिठाचा गोळा मुठीत दाबून पाहा, बोटांच्या फटींतून तो बाहेर येतो. दाब सगळीकडून तंतोतंत सारखा आणि एकाच क्षणी हवा. लॉस अलामॉसचं पुढचं वर्ष यातच गेलं. दोन शहरांवर दोन वेगळ्या जातीचे बॉम्ब पडले, त्याचं मूळ इथे आहे.

दरम्यान ज्याच्या भीतीने हे सगळं सुरू झालं तो जर्मनी बॉम्बच्या जवळपासही नव्हता. १९४४ च्या अखेरीस हे स्पष्ट झालं तेव्हा जोझेफ रोटब्लाट या पोलिश शास्त्रज्ञाने काम सोडलं. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. कारण संपलं, पण काम थांबलं नाही. सुरुवातीला पत्र लिहिणाऱ्या झिलार्डनेच जुलैमध्ये अध्यक्षांच्या नावे विनंतिअर्ज केला की जपानला अटी सांगून शरण येण्याची संधी दिल्याशिवाय बॉम्ब वापरू नका. त्यावर ७० शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. तो अध्यक्ष ट्रूमन यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

१६ जुलै १९४५, पहाटे साडेपाच. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात शंभर फुटी मनोऱ्यावर प्लुटोनियमचा बॉम्ब फोडून पाहिला. वाळू वितळून तिची हिरवट काच झाली. ओपेनहायमर बर्कलीत संस्कृत शिकलेला होता. त्या क्षणी आपल्याला गीतेतली ओळ आठवली असं त्याने १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं. अकराव्या अध्यायातली ती ओळ: कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो. त्याने ‘काल’ चा अर्थ मृत्यू असा सांगितला आणि पश्चिमेत तो शब्द काळ की मृत्यू यावर पुष्कळ चर्चा झाली. मराठी माणसाला त्या चर्चेची गरज पडू नये. आपल्या ‘काळ’ या एका शब्दात दोन्ही आहेत.

त्या वाळवंटाला रिकामं म्हणण्याची पद्धत आहे, पण काही मैलांवर वस्त्या होत्या, कुरणं होती, घरांच्या छपरांवरून पावसाचं पाणी साठवण्याच्या टाक्या होत्या. त्यांत राख पडली. लोकांना सांगितलं की दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. किरणोत्सर्गाने बाधित झालेल्यांना भरपाई देणारा कायदा अमेरिकेने १९९० मध्ये केला, त्यात या लोकांना वगळलं. त्यांचा समावेश व्हायला २०२५ उजाडलं. अणुबॉम्बचे पहिले बाधित अमेरिकेतलेच.

लक्ष्य ठरवणाऱ्या समितीने निवडलेली शहरं नेहमीच्या हवाई हल्ल्यांतून मुद्दाम वगळली होती. बॉम्बचा परिणाम स्वच्छ दिसावा, मोजता यावा, म्हणून. क्योटोचं नावही यादीत होतं. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी आग्रहाने ते काढायला लावलं, जपानची ती जुनी सांस्कृतिक राजधानी. २५ जुलैच्या लेखी आदेशात चार शहरं होती: हिरोशिमा, कोकुरा, नीगाता, नागासाकी. पहिला बॉम्ब ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान पाहून टाकावा आणि पुढचे जसजसे तयार होतील तसतसे. हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. नागासाकीसाठी वेगळा निर्णय असा झालाच नाही. ती पहिल्याच आदेशाच्या पोटात होती.

हिरोशिमात ६ ऑगस्टच्या सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी भोंगा झाला. हवामान पाहणारं एकटं विमान होतं, ते गेलं. साडेसातला धोका टळल्याचा इशारा मिळाला आणि लोक कामाला लागले. आगीला आडवे पट्टे हवेत म्हणून घरं पाडण्याच्या कामावर हजारो शाळकरी मुलं आणली होती, बारा-तेरा वर्षांची, भर उघड्यावर. सव्वाआठला टिनियन बेटावरून आलेल्या ‘एनोला गे’ विमानाने युरेनियमचा बॉम्ब सोडला. या रचनेची चाचणी कधीच झालेली नव्हती. तिच्यावर भरवसा होता, आणि चाचणीपुरतं जादा युरेनियम हाताशी नव्हतं. नेम इंग्रजी टी अक्षरासारख्या आइओइ पुलावर होता. बॉम्ब थोडा सरकून एका रुग्णालयावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला.

अणुबॉम्ब तीन तऱ्हांनी मारतो. आधी उष्णता. स्फोटाच्या थेट खाली जमिनीचं तापमान ३,००० अंशांच्या वर गेलं, कौलांना फोड आले, बँकेच्या दगडी पायरीवर बसलेल्या माणसाची सावली त्या दगडावर उमटून राहिली. मग हवेचा दणका, ज्याने लाकडी घरं त्यांतल्या माणसांसकट बसली आणि त्यांना आग लागली. शहरातल्या दहापैकी नऊ डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मृत किंवा जखमी होते. थोड्या वेळाने काळा पाऊस आला, काजळी आणि किरणोत्सारी कण घेऊन. तहानलेल्यांनी तो तोंड उघडून प्यायला.

तिसरी तऱ्हा दिसत नाही. अंगावर ओरखडाही नसलेली माणसं आठवड्या-दोन आठवड्यांनी केस गळून, अंगावर जांभळे डाग येऊन, हिरड्यांतून रक्त वाहून मरू लागली. कारण असं की न्यूट्रॉन आणि गॅमा किरण सगळ्यात जास्त इजा करतात ती सतत विभागणाऱ्या पेशींना: हाडांच्या मगजातल्या, जिथे रक्त तयार होतं, आणि आतड्यांच्या अस्तरातल्या. जुन्या रक्तपेशी संपेपर्यंत माणूस चालतो-बोलतो, नव्या येत नाहीत, आणि मग जखम भरत नाही, ताप उतरत नाही. ऑस्ट्रेलियन पत्रकार विल्फ्रेड बर्चेट याने सप्टेंबरच्या सुरुवातीला हिरोशिमातून हे जगाला कळवलं. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ते नाकारलं. ग्रोव्ह्जने नोव्हेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे, डॉक्टरांच्या हवाल्याने, हे मरण सुखाचं असतं असं सांगितलं. त्याच्याच प्रकल्पातला हॅरी डाग्लियन हा तरुण शास्त्रज्ञ त्याआधी सप्टेंबरमध्ये याच आजाराने, प्रयोगात झालेल्या अपघातानंतर पंचवीस दिवस तळमळून गेला होता. डाग्लियनच्या हाताखाली होता तो प्लुटोनियमचा गोळा तिसऱ्या बॉम्बसाठी बनवलेला होता. त्याच गोळ्याने मे १९४६ मध्ये लुई स्लॉटिन याचाही जीव घेतला.

मग हिरोशिमात आज लोक राहतात कसे, असं अनेक जण विचारतात. बॉम्ब उंचावर फुटल्यामुळे आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, माती फारशी किरणोत्सारी झाली नाही आणि बरेचसे कण वर जाऊन दूर पांगले. फुटलेलं युरेनियमही किलोच्या आतच होतं. चेर्नोबिलला टनांनी इंधन असलेली भट्टी दिवसेंदिवस जळत होती. दोन्हींची तुलना होत नाही.

९ ऑगस्टला प्लुटोनियमचा बॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे धूर आणि धुकं. वैमानिकाने तीन फेऱ्या मारल्या, खालचं काही दिसेना, इंधन संपत आलेलं. विमान वळलं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण म्हणतो ते त्या सकाळी एका अख्ख्या शहराच्या बाबतीत खरं ठरलं, आणि ती वेळ दुसऱ्या शहरावर गेली. नागासाकीवरही ढग होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी बॉम्ब ठरल्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर, उराकामी खोऱ्यावर फुटला. तो जास्त ताकदीचा होता, पण मधल्या डोंगरांनी शहराचा काही भाग वाचवला. तरी वर्षअखेरपर्यंत ७०,००० च्या वर माणसं गेली. उराकामी ही जपानमधल्या कॅथलिकांची सगळ्यात मोठी वस्ती. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले, तिथपासूनची ही परंपरा, अडीचशे वर्षं लपूनछपून जपलेली. त्यांचं कॅथीड्रल स्फोटापासून अर्ध्या किलोमीटरवर होतं.

त्सुतोमु यामागुची नावाचे अभियंते कामानिमित्त हिरोशिमाला गेले होते. भाजलेल्या अंगाने ते घरी, नागासाकीला परतले. ९ तारखेला कचेरीत ते साहेबांना सांगत होते की एका बॉम्बने शहर गेलं, आणि साहेबांना ते पटत नव्हतं. त्याच वेळी खिडकीबाहेर तसाच उजेड पडला. यामागुची २०१० पर्यंत, ९३ वर्षं जगले.

बॉम्बमुळे युद्ध संपलं का? त्याच ९ ऑगस्टला सोव्हिएत फौजा मांचुरियात घुसल्या होत्या. जपानच्या सहा जणांच्या युद्धमंडळात नागासाकीची बातमी आल्यावरही तीन विरुद्ध तीन अशी फूट होती, आणि शेवटी सम्राटाने कौल दिला. १५ ऑगस्टला शरणागती जाहीर झाली. बॉम्ब नसता तर नोव्हेंबरमध्ये जपानवर स्वारी होणार होती आणि त्यात दोन्ही बाजूंची लाखो माणसं मेली असती, असं एक बाजू सांगते. सोव्हिएत हल्ला आणि सम्राटाचं पद राखण्याचं आश्वासन यांनी काम झालं असतं, असं दुसरी. मला पहिल्या बॉम्बबद्दलचा वाद समजतो. तीनच दिवसांनी, जपानी सरकारला पहिल्याचा अर्थ लागण्याआधी टाकलेल्या दुसऱ्याचं समर्थन मला कुठे सापडलेलं नाही. ट्रूमन यांनीही १० ऑगस्टला आदेश दिला की यापुढे माझ्या परवानगीशिवाय बॉम्ब टाकायचा नाही. आणखी एक लाख माणसं, त्यातही मुलं, मारायची ही कल्पना त्यांना सहन होईना, असं त्यांच्या मंत्रिमंडळातल्या हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे.

वाचलेल्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात, बॉम्बचे बाधित. त्यांत कोरियातून कामाला आणलेले मजूरही हजारोंनी होते. १९५२ पर्यंत अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये या विषयावर मोकळेपणाने छापता येत नव्हतं. उपचारांचा कायदा व्हायला १९५७ उजाडलं. बॉम्बनंतर दोन-तीन वर्षांतच रक्ताचे कर्करोग वाढू लागले होते, मग इतर. सोयरीक जुळवताना घरची मंडळी मुलगा-मुलगी त्या दिवशी कुठे होती याची चौकशी करत, म्हणून कित्येकांनी जन्मभर सांगितलंच नाही. ज्यांनी सांगितलं त्यांच्या संघटनेला, निहोन हिदांक्योला, २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. मार्च २०२५ अखेर नोंद असलेल्या हिबाकुशांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली. त्यांचं सरासरी वय तेव्हा ८६ होतं.

हिरोशिमाच्या स्मारकात दगडी पेटीत नावांच्या वह्या आहेत. दरवर्षी ६ ऑगस्टला त्यांत मागच्या वर्षभरात गेलेल्यांची नावं वाढतात. मे महिन्यात, तिकडचा पावसाळा लागण्याआधी, त्या बाहेर काढतात, पांढरे हातमोजे घातलेले कर्मचारी एकेक पान उलटून त्यांना वारा देतात, म्हणजे दमट हवेने कागदाला बुरशी लागू नये. शंभराहून जास्त वह्या. त्यातल्या एकीत कुणाचंच नाव नाही. तिच्यात एवढंच लिहिलं आहे की ज्यांची नावं कळली नाहीत असे पुष्कळ. तिलाही वारा देतात.